भ्यालेला हात

कॅप्टन हेमांगी सोनटक्केने खुर्ची पुढे सरकवली, उजवा तळहात पॅन्टला पुसला आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या लिव्हरांवर ठेवला. लिव्हर कोमट लागले. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : हात ओळखला. स्थिर.

"झाली नाडीपरीक्षा?" शेजारच्या खुर्चीतून ग्लेन तुस्कानोने विचारलं.

"आजही पास केलं त्याने," हेमांगी म्हणाली. "आता तू."

ग्लेनने डावा हात ठेवला. पुन्हा हिरवी अक्षरं. मागे प्रवासी चढत होते. नागपूरहून सिंधुदुर्गातल्या चिपीला जाणारं दुपारचं विमान मे महिन्यात नेहमीच भरलेलं असे. सुटीला गावी निघालेली कुटुंबं, डब्यातल्या खाण्याचा वास, पोरांचा गलका.

इंजिनाने किती रेटा द्यायचा हे या लिव्हरांनी सांगायचं. फार जुन्या विमानांत ते तारेने इंजिनाशी जोडलेले असत. हेमांगी शिकली तोवर तार गेली होती. लिव्हर कुठे आहे एवढंच इंजिनाच्या संगणकाला कळायचं आणि इंधन किती सोडायचं ते तो ठरवायचा. त्यावर ऑटोथ्रस्ट होतं. अमुक वेग ठेव असं सांगितलं, की वारा कसाही असो, रेटा कमीजास्त करून ते तेवढा वेग राखायचं. वैमानिक बहुतेक वेळ लिव्हरवर नुसता हात ठेवून असायचा.

या नव्या विमानात बदलली होती ती लिव्हरची कातडी. तिच्याखाली बारीक संवेदक विणलेले होते. पकड किती घट्ट, तळव्याला घाम किती, नाडी कशी चालली आहे, बोटं थरथरतात का, हे सगळं ते पापणी लवायच्या आत वाचत. हात स्थिर असेल तर त्याचा हुकूम जसाच्या तसा इंजिनाकडे जाई. हात धास्तावलेला वाटला, तर हुकूम मऊ होऊन, हळूहळू पोहोचे. कंपनीच्या पुस्तिकेत याला 'सौम्यन' म्हटलं होतं. वैमानिक त्या लिव्हराला नाडीवैद्य म्हणत.

कल्पना वेडगळ नव्हती. एक इंजिन बिघडलं असताना घाबरलेल्या वैमानिकाने चांगलं चालणारं इंजिनच बंद करून टाकलं, असे अपघात जगात झाले होते. यंत्र धड होतं, हात चुकला होता. डॉ. यशोधन केळुसकर यांनी त्या हातावर नऊ वर्षं काम केलं होतं आणि हा लिव्हर तयार केला होता.

उड्डाण झालं. सह्याद्री मागे पडला आणि चिपीचा सडा दिसू लागला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माळ. त्याच्या अगदी कडेपासून धावपट्टी सुरू होत होती आणि कडेच्या अलीकडे जमीन एकदम खाली तुटलेली होती.

विमान उतरत होतं. हेमांगीचा डावा हात सुकाणूवर, उजवा लिव्हरांवर. ग्लेन खाली मान घालून टॉवरने सांगितलेला वारा टिपून घेत होता.

एकाएकी वेग वाढला. समोरून येणारा वारा अचानक जोर धरतो तेव्हा असं होतं. ऑटोथ्रस्टने आपलं काम चोख केलं. वेग जास्त झाला म्हणून रेटा कमी केला, मग आणखी कमी केला. इंजिनांचा आवाज बसत गेला.

हेमांगीने समोर पाहिलं. सड्याच्या कडेवर तांबडी धूळ उठली होती. ती विमानाकडे येत नव्हती. विमानापासून लांब पळत होती.

म्हणजे तिथे वारा उलटा होता. आत्ता समोरून येणारा वारा काही क्षणांत सरणार, मागून येणारा सुरू होणार आणि पंखांना उचलून धरणारा वेग एकदम नाहीसा होणार. नेमकी त्याच वेळी इंजिनं झोपेत असणार. जेट इंजिनाला झोपेतून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्या सेकंदांची उंची तिच्यापाशी नव्हती.

तिने दोन्ही लिव्हर थेट शेवटपर्यंत ढकलले.

पडद्यावर पिवळी अक्षरं आली : धास्ती. रेटा सौम्य.

तिने लिव्हरच्या बाजूचं बटण दाबून ऑटोथ्रस्ट सोडवलं. ते सुटलंही. अक्षरं तशीच राहिली. हुकूम मऊ करणारी चाळणी ऑटोथ्रस्टमध्ये नव्हती, लिव्हरच्या कातडीत होती. इंजिनं जागी होत होती, पण सावकाश. वेगाचा आकडा मात्र भराभर उतरू लागला होता. तिची बोटं लिव्हरात रुतली होती, मनगटात नाडी उडत होती, आणि हे सगळं लिव्हर वाचत होता आणि इंजिनाला सांगत होता, की हिचं ऐकू नका.

तिने ग्लेनकडे पाहिलं. तो अजून लिहीत होता. त्याला धूळ दिसलेली नव्हती.

"ग्लेन, लिव्हर तू घे," ती म्हणाली. "पूर्ण पुढे धरून ठेव."

तिने हात काढला. ग्लेनने का म्हणून विचारलं नाही. त्याने कागद मांडीवर टाकला आणि लिव्हरांवर हात ठेवून दाबला. अक्षरं हिरवी झाली : हात ओळखला. स्थिर. दोन्ही इंजिनं गरजली.

त्यानंतर वाऱ्याचा इशारा देणारा आवाज कॉकपिटमध्ये घुमला. रडारला हवेतला ओलावा दिसतो. ही हवा कोरडी होती, म्हणून त्याला उशिरा कळलं. विमान खाली बसलं, तुटलेल्या कड्याचा तांबडा दगड काचेत मोठा होत गेला आणि मग पोटाखालून निघून गेला. चाकं धावपट्टीला पुसटशी लागली. मागे कुणीतरी किंचाळलं. विमान वर चढू लागलं.

ते गोव्याला उतरले. चिपीऐवजी इथे का आणलं म्हणून प्रवासी कुरकुरत उतरून गेले. एक आजोबा दारात थांबून हेमांगीला म्हणाले, "एवढी घाई कसली होती हो पुन्हा उडायची?" ती हसली आणि त्यांची पिशवी शिडीपर्यंत नेऊन दिली.

कॉकपिटमध्ये परतली तेव्हा ग्लेन बसूनच होता.

"मॅडम, मला का धरायला सांगितलंत?"

"तुला कळलं नव्हतं म्हणून."

"काय कळलं नव्हतं?"

तिने त्याला धूळ सांगितली, वारा सांगितला, पिवळी अक्षरं सांगितली. ग्लेनने पाण्याची बाटली उघडली. दोन घोट पिऊन त्याने ती खाली ठेवली, कारण हात इतका थरथरायला लागला होता की पाणी शर्टावर सांडत होतं.

"त्या वेळी माझा हात असा असता तर?" त्याने विचारलं.

"तर आपण आत्ता इथे नसतो."

चौकशी होईपर्यंत हेमांगीला घरी बसवण्यात आलं. नागपुरातल्या तिच्या घराच्या बाल्कनीचं ग्रिल कधीचं गंजलं होतं. पॉलिश पेपरने ती ते घासत बसे. तिची आई बल्लारपूरहून फोन करून रोज एकच विचारायची, "काय म्हणून राहिले ते लोक?" आणि हेमांगी सांगायची, "अजून वाचून राहिले."

एका संध्याकाळी ग्लेन आला. मूळचा वसईचा, पस्तिशीतला, कमी बोलणारा माणूस. ग्रिलचा एक गज त्यानेही घासायला घेतला.

"अहवालाचा मसुदा पाहिलाय मी," तो म्हणाला. "त्यात लिहिलंय, की कॅप्टनचा हात धास्तावलेला होता, सहवैमानिकाचा स्थिर होता. यंत्रणेने योग्य हाताची वाट पाहिली आणि विमान वाचलं."

हेमांगीचा कागद थांबला. "योग्य हाताची?"

"माझ्या. मला शाबासकी आहे. आणि लवकर कॅप्टन करणार म्हणतात."

"मग हो. तू चांगला वैमानिक आहेस."

"मॅडम, मी त्या दिवशी आंधळा होतो. आंधळ्याला शाबासकी मिळते आणि डोळसाला घरी बसवतात." त्याने गजावरची गंजाची पूड फुंकली. "घरी सगळ्यांना सांगून झालंय, आईने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्यात. पण ती शाबासकी मी घेऊ शकत नाही."

चौकशीची बैठक मुंबईत कंपनीच्या कचेरीत झाली. मुख्य वैमानिक कॅप्टन मेहेरनोश दस्तूर टेबलाच्या मध्यभागी होते. त्यांच्या बाजूला डॉ. केळुसकर बसले होते. उंच, किंचित वाकलेले, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या हातांकडे पाहायची सवय असलेले.

"हेमांगी, कुणी तुला दोष देत नाही," दस्तूर म्हणाले. "भीती कुणालाही वाटते. तू थोडे दिवस शांततेचं प्रशिक्षण घे. श्वास, पकड, नाडी. लिव्हर तुझा हात पास करू लागला की परत ये."

"सर, मी ते घेणार नाही."

"का?"

"मी हात शांत ठेवायला शिकेन. मग धूळ दिसली तरी तो शांत राहील. हात मला काही सांगेनासा झाला तर मी उडवू कशाने?"

हेमांगी केळुसकरांकडे वळली.

"डॉक्टर, भ्यालेला हात कसा असतो हे तुमचा लिव्हर कुठे शिकला?"

"सिम्युलेटरमध्ये," केळुसकर म्हणाले. "जगभरच्या हजारो वैमानिकांचे हात आहेत आमच्याकडे. आग, वादळ, इंजिन बंद, सगळ्या प्रसंगांतले."

"सिम्युलेटर पडला तर कुणी मरतं का?"

"नाही."

"हे आत बसलेल्याला माहीत असतं?"

"असतं."

"म्हणजे सगळं ओळखून, काय करायचं ते ठरवून, तरीही मरणाच्या धाकाने धडधडणारा हात तुमच्या लिव्हरने कधी पाहिलेलाच नाही. त्याने पाहिले ते दोनच. निवांत माणसं, आणि गोंधळलेली माणसं. मी गोंधळले नव्हते. मी फक्त बघत होते."

समोरच्या कागदावर केळुसकरांनी काहीतरी लिहिलं, खोडलं.

"मला बोलायचंय," ग्लेन म्हणाला. तो उभा राहिला. "माझा हात स्थिर होता कारण मला काहीही कळलेलं नव्हतं. हे अहवालात लिहा. माझी शाबासकी काढून टाका. आणि ते 'योग्य हाताची वाट पाहिली' हे वाक्य राहणार असेल, तर माझं नाव त्याखाली नको."

"तुस्कानो, तुझ्या बढतीवर परिणाम होईल," दस्तूर म्हणाले.

"होऊ दे, सर."

बैठक निर्णयाविना उठली. कंपनीकडे वैमानिक कमी होते आणि सुट्यांचा हंगाम संपायचा होता. दस्तूर यांनी हेमांगीला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं, की अहवाल पूर्ण होईपर्यंत उडव, यंत्रणा मात्र आहे तशीच राहील. ती म्हणाली, "बघू."

पुढच्याच आठवड्यात तिला तेच उड्डाण मिळालं. नागपूर ते चिपी, सोबत ग्लेन. प्रवासी बसले, दारं लागायची होती. लिव्हरने तिचा हात वाचला. हिरवी अक्षरं आली. जमिनीवर तो नेहमीच तिला पास करायचा.

तिने खालच्या इंजिनिअरला बोलावलं. "लिव्हरमधलं सौम्यन बंद करून द्या."

"मॅडम, ते दुरुस्तीच्या वेळीच बंद करतो आम्ही."

"ते बिघडलंय असं मी म्हणतेय. एखादी यंत्रणा बंद ठेवून काही दिवस उडायची नियमात सोय आहे. ती वापरा. नाहीतर हे विमान मी स्वीकारत नाही."

इंजिनिअर फोनवर बोलत खाली उतरला. हेमांगीने प्रवाशांसाठीचा माइक उचलला.

"नमस्कार. मी तुमची कॅप्टन, हेमांगी सोनटक्के. या विमानाची इंजिनं उत्तम आहेत. पण गरज पडली तर ती माझं ऐकतील याची मला खात्री नाही, म्हणून मी विमान अजून ताब्यात घेतलेलं नाही. उशीर माझ्यामुळे होतोय. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, केबिनमधल्या मुलींवर नको."

विमानात एकदम कालवा झाला. हवाई सुंदरी पाणी घेऊन फिरू लागल्या. दस्तूर यांचा फोन आला. हेमांगीने तो ग्लेनकडे दिला. ग्लेन म्हणाला, "सर, कॅप्टनचं म्हणणं तेच माझं आहे," आणि फोन परत दिला. मग दस्तूर बराच वेळ बोलले. नोकरीबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले. हेमांगीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, दुसरा वैमानिक पाठवा. मी उठून जागा देते." सुट्यांच्या हंगामात दुसरा वैमानिक नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं.

डॉ. केळुसकर त्या दिवशी योगायोगाने नागपूरच्याच वर्कशॉपमध्ये होते. ते धावतपळत आले. चष्म्यावर घामाचे ठिपके होते.

"मला तुम्हांला काही सांगायचंय," ते कॉकपिटच्या दारात उभे राहून म्हणाले. "गेल्या वर्षी एका विमानाचं इंजिन पेटलं. वैमानिकाने घाबरून दुसऱ्या, चांगल्या इंजिनाचा लिव्हर पार मागे ओढला. लिव्हरने त्याचा हुकूम रेंगाळत ठेवला. तेवढ्यात सहवैमानिकाने चूक ओळखली. भरलेलं विमान होतं, कॅप्टन. ती सगळी माणसं आज घरी जेवतायत. मी हे बंद केलं आणि उद्या तसा हात आला, तर?"

ही गोष्ट हेमांगीने आधी ऐकलेली नव्हती.

"तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "ती माणसं वाचली हे चांगलं झालं."

"मग?"

"पण तुमच्या लिव्हरला त्याचा हात आणि माझा हात सारखाच दिसला. वेगळा कसा दिसेल, सांगता येईल?"

"आज नाही. खऱ्या संकटातले हात जमा झाले की कदाचित."

"म्हणजे आधी आम्ही संकटात सापडायचं, लिव्हरने आम्हांला अडवायचं, आणि तुम्ही ते टिपून घ्यायचं."

केळुसकरांचा चेहरा पडला. ते तसं कधी बोलले नव्हते, पण योजना नेमकी तीच होती.

"मीही चुकेन कधीतरी, डॉक्टर," हेमांगी म्हणाली. "चुकले तर चुकीच्या वेळी मी या खुर्चीत असेन. तुमचा लिव्हर चुकला त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

केळुसकर खाली वाकले, लिव्हरांच्या खालची झडप उघडून त्यांनी आपला कोड घातला. पडद्यावरची हिरवी अक्षरं विझली. त्या जागी काहीच आलं नाही.

"नियमाप्रमाणे थोड्याच दिवसांची मुदत आहे याला," ते म्हणाले. "मग आपोआप सुरू होईल."

"मागची घडीची खुर्ची रिकामी आहे," हेमांगी म्हणाली. "बसा. परवानगीचं मी बघते."

केळुसकर बसले. नऊ वर्षांत त्यांनी हजारो हात पाहिले होते, पण उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये ते पहिल्यांदाच होते. सडा समोर आला तसा त्यांनी पट्टा आवळला. आज हवा बरी होती. वेग जरा वाढायचा, ऑटोथ्रस्ट रेटा कमी करायचं, वेग उतरायचा, ते वाढवायचं. हेमांगीचा हात लिव्हरांवर होता आणि तो थरथरत होता. अगदी बारीक, पण केळुसकरांच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी धावपट्टी पाहिलीच नाही. चाकं टेकेपर्यंत ते त्या हाताकडे पाहत होते.

विमान थांबलं. इंजिनं बंद झाली. प्रवासी सामान काढू लागले. दोघे-तिघे कॉकपिटकडे रागाने पाहत गेले. एका बाईने आत डोकावून नुसतीच मान हलवली, तिचा अर्थ कुणालाच लागला नाही.

"आज तर काहीच झालं नाही," केळुसकर हळू म्हणाले. "तरी तुमचा हात थरथरत होता."

"हो. त्या दिवसापासून उतरताना थरथरतो."

"भीतीने?"

"असेल. किंवा आता मला जास्त दिसतं म्हणून असेल. मलाही धड सांगता येत नाही." तिने हात उचलून त्यांच्यापुढे धरला. बोटांची टोकं अजून हलत होती. "तुम्ही वाचा."

त्यांनी तिचं मनगट धरलं. नाडी जलद होती, तळवा ओला होता. बराच वेळ त्यांनी ते सोडलं नाही. ग्लेन विमानाची बटणं एकेक करून बंद करत होता, पण त्याचंही लक्ष तिकडेच होतं. शेवटी केळुसकरांनी मान हलवली आणि हात सोडला.

"नाही सांगता येत," ते म्हणाले.

हेमांगीने टोपी घेतली आणि उठली.

"मुदत संपेल त्या सकाळी मी हे विमान पुन्हा नाकारणार आहे," ती म्हणाली. "ग्लेनही नाकारणार आहे, आणखीही काही जण आहेत. त्या दिवशी तुम्ही कुठे बसणार, डॉक्टर?"